टेन्शन नका घेऊ, सर

आमची गाडी पहिल्यांदा कुरकुरली ती जूनमध्ये. सकाळी चावी फिरवली की बॉनेटखालून ‘कुईंऽऽ’ असा आवाज यायचा आणि गल्लीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत थांबायचा. बायको म्हणाली, “अहो, ही पण तुमच्यासारखीच. शाळेत जायचं म्हटलं की रडते.”

गाडी डिझेलची, नऊ वर्षांची, एक लाख आठ हजार किलोमीटर पळालेली. नेहमीच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून पाहिलं. “फॅनबेल्ट गेलाय. नवा टाकतो. टेन्शन नका घेऊ, सर.” अर्ध्या तासाचं काम, नऊशे रुपये. आवाज बंद. महिन्याभराने उभ्या गाडीत टकटक ऐकू येऊ लागली, एसी लावला की किरकिर. त्याने पट्ट्यावर कसलासा स्प्रे मारला. “बघा, गेला ना आवाज?” खरंच गेला होता. मी खूश.

खरं तर मला कळायला हवं होतं. माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती. पट्टा घसरायला लागला की ते त्यावर राळ टाकत, पण ती फक्त हातातलं दळण संपवण्यापुरती. गिऱ्हाईक गेलं की मोटर बंद करून तिचे बोल्ट सैल करायचे, मोटर बोटभर मागे ओढायची आणि पुन्हा आवळायचे. पट्टा घसरतो तो ताण कमी पडल्यामुळे, हे ते जाणून होते. लहानपणी रोज पाहिलेली ही गोष्ट मोटारीचं बॉनेट उघडल्यावर मला आठवली नाही.

गणपतीला चिपळूणला निघालो. कुंभार्ली घाट, धो धो पाऊस. वायपर, दिवे, काचेवरची वाफ घालवायला एसी, सगळं चालू. हेळवाक सोडलं तसा आवाज वाढला. घाट उतरताना काहीतरी फटफट आपटलं आणि एकदम शांतता. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला हायसं वाटलं. पुढच्याच वळणाला स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. समोर बॅटरीचा लाल दिवा लागला होता. मी म्हटलं, बॅटरी उतरली असेल, पोफळी आता आलीच, तिथे बघू. पोफळी आली, पण तोवर तापमानाचा काटा टोकाला टेकला होता आणि बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती.

चिपळूणच्या एका जुन्या गॅरेजात चार दिवस गाडी पडून राहिली. हेड गॅस्केट उडालं होतं. बिल अठ्ठावीस हजार. तिथल्या चाचांनी काढलेला एक लोखंडी हात माझ्या हातात ठेवला. “मास्तर, ही पुली फिरवा.” फिरवली, तर आत वाळू भरल्यासारखी खरखर. “आता हलवून बघा.” पुली हातासकट डुगडुगत होती. “हा टेन्शनर. पट्टा नवा घातला, पण त्याला धरणारा हात म्हातारा. पुली तिरकी झाली, पट्ट्याची कड सोलत गेली आणि पट्टा सुटला. नव्या पट्ट्याचा काय दोष?”

आपण फॅनबेल्ट म्हणतो खरं, पण आजकाल बहुतेक मोटारींचा पंखा विजेवर फिरतो. जुनं नाव तेवढं राहिलंय. हा उभ्या धारांचा एकच लांब पट्टा अल्टरनेटर फिरवतो, एसीचा कंप्रेसर फिरवतो, बऱ्याच गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि आपले मेकॅनिक जिला वॉटर बॉडी म्हणतात तो पाण्याचा पंपही फिरवतो. पट्टा गेला की हे सगळं एकदम थांबतं. काही जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर असतो. तिथे दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेकही कडक होतो. घाटात याचा अर्थ काय, ते सांगायला नको. वडील मोटर मागे ओढून जे करत, ते काम इथे टेन्शनरच्या आतली स्प्रिंग अखंड करत असते. स्प्रिंग थकली, हाताचा सांधा झिजला किंवा पुलीचं बेअरिंग सुकलं की तो कामातून गेला.

मग तो ओळखायचा कसा? इंजिन चालू असताना लांबूनच बघा. टेन्शनरचा हात जवळजवळ स्थिर हवा. तो थडथड उडत असेल किंवा पट्टा पुलीच्या एका कडेला सरकून पळत असेल, तर संशय घ्या. मग बाटलीतून पट्ट्याच्या धारांवर थोडं साधं पाणी उडवा. आवाज वाढला तर ताण कमी आहे, पट्टा घसरतोय. आवाज क्षणभर जाऊन परत आला तर बहुधा एखादी पुली रेषेत नाही. हे करताना ओढणी, शर्टाची बाही, गळ्यातली साखळी पट्ट्यापासून दूर ठेवा. खात्रीची परीक्षा मात्र इंजिन बंद आणि गार असताना. पट्टा उतरवून प्रत्येक पुली हाताने फिरवायची, पुढे-मागे हलवायची. चांगली पुली गुपचूप फिरते. एक सांगून ठेवतो, हल्लीच्या पट्ट्यांना पूर्वीसारख्या भेगा पडतीलच असं नाही. रबर झिजून खाचा रुंद होतात आणि पट्टा वरवर धडधाकट दिसतो.

बदलण्याचं काम हात बसलेल्या माणसाला तासाभराचं. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडायची. पट्टा कुठून कसा गेलाय त्याचा फोटो काढायचा. हे विसरलात तर नंतर कोडं सोडवत बसाल. लांब दांडीच्या पान्याने टेन्शनरचा हात स्प्रिंगच्या विरुद्ध दाबला की पट्टा सैल होऊन निघतो. तो हात फटकन सोडू नका, बोटं जातील. काही पुल्यांच्या बोल्टला उलट्या आट्या असतात; निघत नाही म्हणून जोर लावत बसण्याआधी तेवढं तपासा. नव्या टेन्शनरच्या पाठीवर एक छोटी पिन असते. ती इंजिनवरच्या भोकात नीट बसली नाही तर नवा हातही तिरका बसतो. बोल्ट त्या गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापानेच आवळावा. पट्ट्यावर ‘६ पीके’ आणि पुढे एक आकडा असतो: सहा म्हणजे धारा, पुढचा आकडा मिलिमीटरमधली लांबी. तो जुन्याशी जुळवून घ्या. शेवटी प्रत्येक धार आपल्या खाचेत बसलीय ना, हे बोट फिरवून पाहिल्याशिवाय चावी लावू नका. काही लहान गाड्यांत हा स्प्रिंगचा हात नसतोच, बोल्टने ताण द्यावा लागतो. तिथे वडिलांचीच पद्धत.

माझा टेन्शनर अठ्ठावीसशेला आला. जूनमध्येच पट्ट्याबरोबर बदलला असता तर सगळं सदतीसशेत भागलं असतं. म्हणून लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीचा पट्टा बदलताना त्याच्या वाटेवरच्या सगळ्या पुल्या फिरवून दाखवायला सांगा. काढलेला भाग हातात मागा. आणि रस्त्यात बॅटरीचा दिवा लागून स्टिअरिंग जड झालं, तर पुढचं गाव कितीही जवळ असो, सुरक्षित जागा दिसताच थांबा. उतारावर मात्र इंजिन बंद करून गाडी सोडू नका. उरलासुरला ब्रेकही कडक होईल.

तो जुना टेन्शनर शाळेत माझ्या टेबलावर असतो, पेपरवेट म्हणून. वर्गात गडबड झाली की मी सवयीने ओरडायचो, “आवाज बंद!” हल्ली ओरडण्याआधी उठून जातो आणि कुठल्या बाकावरून येतोय ते बघतो.