मानव ही एकच जात : उत्क्रांतीची साक्ष

‘मानव माकडापासून झाला’ असे सर्रास म्हटले जाते. शास्त्राचे म्हणणे निराळे आहे. आजचा चिंपांझी आणि मानव यांचे पूर्वज एकच होते. सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी त्यांच्या शाखा वेगळ्या होऊ लागल्या.

मानवी शाखेची आद्य खूण म्हणजे दोन पायांवर ताठ चालणे. इथिओपियात १९७४ साली सापडलेला ‘ल्यूसी’ हा सांगाडा सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा आहे. तिच्या प्रजातीचा मेंदू आजच्या मानवाच्या मेंदूच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतका होता; तथापि तिच्या कटीची व गुडघ्याची हाडे ती उभी चालत असल्याचे दर्शवितात. अर्थात, आधी हात मोकळे झाले आणि मेंदूची मोठी वाढ त्यानंतर झाली.

मोकळ्या हातांनी काय घडविले, याचा पुरावा महाराष्ट्रातही आहे. नेवासे परिसरात प्रवरा नदीकाठी डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी अश्मयुगाचे संशोधन केले. जवळच चिरकी येथे गुद्रुन कोर्विनस यांनी १९६०च्या दशकात उत्खनन करून दगडी हातकुऱ्हाडी उजेडात आणल्या. दख्खनच्या ज्या ज्वालामुखी खडकांतून अशी हत्यारे घडली, त्याच खडकांच्या कुळातील काळा पाषाण आपल्या कोयनाकाठच्या डोंगरांतही आहे. दोन्ही बाजूंनी छिलके काढून धार आणावयाची, तर अपेक्षित आकार आधी मनात असावा लागतो. हे कौशल्य जन्मतः येत नाही; एकाने दुसऱ्याचे पाहून ते शिकावे लागते. शिकणे व शिकविणे हेही मानवाचे पुरातन लक्षण होय.

आपली ‘होमो सेपियन्स’ ही प्रजाती सुमारे ३ लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत उदयास आली. आज जगातील कोणत्याही दोन माणसांची जनुकीय रचना सुमारे ९९.९ टक्के सारखी असते. वर्णभेद वा जातिभेद यांस निसर्गात आधार नाही.

जन्माने श्रेष्ठत्व येते की आचरणाने, या वादाचे उत्तर भगवान बुद्धांनी वासेट्ठसुत्तात दिले आहे. वनस्पती, कीटक, पशू, पक्षी यांच्यात जातिदर्शक खुणा वेगवेगळ्या आढळतात; माणसामाणसांत तशा आढळत नाहीत, असे ते सांगतात. जन्मावरून ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या दाराबाहेर ठेवले गेले, त्यांच्या मुलांनी हा धडा केवळ परीक्षेपुरता वाचू नये. माणसाची ओळख त्याच्या कुळावरून नव्हे, तर त्याच्या ज्ञानावरून व शीलावरून व्हावी, हा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरावा.