रिसीव्हरचा पासंग

भाजीवाल्याचा दोन पारड्यांचा जुना तराजू आठवतोय? रिकामा असतानाच त्याचं एक पारडं जरा खाली असतं. ते सारखं करायला दुसऱ्या बाजूला खडा बांधतात, तो पासंग. (कॉन्व्हेंटमध्ये लोअर मराठी, त्यामुळे हा शब्द मला आजीकडून कळला!) मोबाईलमधल्या रिसीव्हरचं पारडंही असंच आधीपासून झुकलेलं असतं. त्यालाच डीसी ऑफसेट म्हणायचं.

व्हायव्हाला "तो कसा घालवाल?" असं विचारलं की निम्मी जनता म्हणते, "सर, सिरीज कपॅसिटर." उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे.

आधी तो येतो कुठून ते पाहू. आर्मस्ट्राँगने 1918 मध्ये काढलेल्या सुपरहेटरोडाइनमध्ये सिग्नल आधी मधल्या फ्रिक्वेन्सीवर येतो. तिथला फिल्टर डीसीला सहज अडवतो, पण तो फिल्टर चिपच्या आत मावत नाही. म्हणून डायरेक्ट कन्व्हर्जनमध्ये ऑसिलेटर थेट स्टेशनच्याच फ्रिक्वेन्सीवर ठेवतात आणि सिग्नल एका उडीत शून्यावर आणतात. स्वस्त आणि सुटसुटीत! मात्र ऑसिलेटर थोडासा गळतो. सबस्ट्रेटमधून, वायरींमधून तो अँटेनाच्या बाजूला पोचतो आणि मिक्सरमध्ये स्वतःशीच गुणला जातो. कोसाइनचा वर्ग केला की एक अर्धा सुटा उरतो, हे बारावीचं गणित. तो अर्धा म्हणजेच आपला डीसी.

आता आकडे घेऊ. ऑसिलेटर 0.3 व्होल्टचा आणि त्याचा हजारावा भाग गळला असं धरा, म्हणजे 0.3 मिलिव्होल्ट. अँटेनावरचा खरा सिग्नल असतो 3 मायक्रोव्होल्ट. पाहुणा यजमानाच्या शंभरपट! पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरने तीसेक पट वाढवल्यावर ही गळती 10 मिलिव्होल्टच्या घरात जाते. पुढे बेसबँडला हजारपट गेन दिला तर 10 व्होल्ट व्हायला हवेत, पण सप्लायच 3 व्होल्टचा. अ‍ॅम्प्लिफायर रेलला चिकटून बसतो आणि सिग्नलचा पत्ताच नाही.

मग कपॅसिटर टाकू? जीएसएम घ्या. त्याच्या जीएमएसके सिग्नलची बरीच ताकद नेमकी शून्याच्या आसपासच असते, म्हणून हायपास कॉर्नर बिट रेटच्या 0.1 टक्क्याइतका खाली न्यावा लागतो. बिट रेट 270.833 किलोबिट, म्हणून कॉर्नर साधारण 270 हर्ट्झ. त्याचा टाइम कॉन्स्टंट काढा: 0.59 मिलिसेकंद. आणि जीएसएमचा अख्खा स्लॉट किती? 0.577 मिलिसेकंद! म्हणजे कपॅसिटर स्थिरावण्याआधीच तुमचं बोलणं येऊन गेलेलं असतं. शिवाय एक लाख ओहमच्या जोडीला 6 नॅनोफॅरड लागतात, ते चिपवर कित्येक चौरस मिलिमीटर जागा खातात.

इथे भाजीवालाच कामाला येतो. माल ठेवण्याआधी रिकामा तराजू बघायचा. फोनला आठपैकी एकच स्लॉट ऐकायचा असतो. आपली पाळी येण्याआधी अँटेना तोडून ऑफसेट मोजायचा, साठवायचा आणि नंतर वजा करायचा. मला ही युक्ती सगळ्यात आवडते. पण अँटेना तोडला की बाहेर गेलेली आणि हातावर आपटून परत आलेली गळती मोजली जात नाही. जोडून ठेवला तर शेजारचे सिग्नल मापात घुसतात. त्यातून फोन हलवला की हा भाग बदलतो. तराजूवर वारा लागल्यासारखंच!

वायफायवाल्यांनी मात्र भांडणच मिटवलं. 802.11 ए आणि जीच्या ओएफडीएममध्ये 64 जागांपैकी मधली, शून्याची जागा मुद्दाम रिकामी ठेवतात. तिथे हायपासने थोडं खाल्लं तरी चालतं.

लॅबमध्ये झिरो-आयएफ ट्यूनरचा एसडीआर डोंगल असेल तर स्पेक्ट्रमच्या बरोबर मध्ये एक काडी उभी दिसेल. तीच ही. घालवायला एक ओळ पुरते: नवं आउटपुट म्हणजे आताचं सॅम्पल, वजा मागचं सॅम्पल, अधिक 0.995 गुणिले मागचं आउटपुट. सेकंदाला 24 लाख सॅम्पल असतील तर याचा कॉर्नर 1.9 किलोहर्ट्झ येतो, तेव्हा स्टेशन मधोमध असेल तर त्याचाही तेवढा लचका जाणार. त्यापेक्षा 101 मेगाहर्ट्झचं स्टेशन ऐकायचं असेल तर ट्यूनर 101.4 वर ठेवा आणि उरलेलं सॉफ्टवेअरमध्ये सरकवा. काडी बाजूला उभी राहील, गाणं चालू राहील.