बिनकिल्लीचे घड्याळ

पहिल्या महायुद्धापूर्वी पुरुषांनी घड्याळ मनगटावर बांधावे अशी फारशी रीत नव्हती. ते साखळीला अडकवून खिशात ठेवीत. १९१४ साली युद्ध पेटले आणि खंदकात उभ्या असलेल्या शिपायाला कोटाच्या खिशात हात घालून वेळ पाहणे अवघड होऊ लागले. घड्याळ खिशातून मनगटावर आले. तेथे ते सदैव डोळ्यांपुढे राहिले. पण खिशात त्याला जो आडोसा होता, तो गेला. धूळ, घाम आणि पावसाचे पाणी यांच्यापुढे ते उघडे पडले.

त्याचे परिणाम घड्याळजींच्या मेजावर दिसू लागले. इंग्लंडमधील बोल्टन गावी १८९३ साली जन्मलेला जॉन हार्वुड हा असाच एक घड्याळजी. युद्धावरून परतल्यावर तो आयल ऑफ मॅन या बेटावर घड्याळे दुरुस्त करू लागला. बंद पडलेली मनगटी घड्याळे उघडून पाहता पाहता त्याच्या ध्यानात आले की, घाण बहुधा एकाच वाटेने आत शिरते. ती वाट म्हणजे किल्लीचे भोक.

घड्याळाच्या पोटात पोलादाची एक लांब, चिवट पट्टी वाटोळी गुंडाळून बसविलेली असते. हीच त्याची मुख्य स्प्रिंग. कडेचे दातेरी बटण फिरविले की ती आवळली जाते. यालाच किल्ली देणे म्हणतात. पुढे ती सावकाश सैल होते आणि सैल होता होता चाके फिरविते. बटणाची दांडी एका भोकातून आत जाते. ती रोज फिरवावयाची, म्हणजे भोक थोडे थोडे झिजणार आणि त्यातून धूळ व ओल आत जाणार. किल्ली दिली नाही तर घड्याळ थांबते आणि दिली तर हळूहळू बिघडते, असा हा पेच होता.

हार्वुडने भोकच काढून टाकावयाचे ठरविले. मग किल्ली कोणी द्यावी? ज्याच्या हातावर घड्याळ आहे, त्याच्या हातानेच! ही कल्पना अगदी नवी नव्हती. स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल गावच्या पेरले नावाच्या कारागिराने १७७७ च्या सुमारास चालणाऱ्याच्या हिसक्यांनी किल्ली बसणारे खिशातले घड्याळ बनविले होते. पण खिशातले घड्याळ बराच वेळ निश्चल राहते. मनगटाला मात्र उसंत नसते. ते जेवते, लिहिते, दार उघडते, हातवारे करते. त्या जुन्या कल्पनेला आता खरी जागा सापडली.

हार्वुडने यंत्राच्या मध्यभागी एक वजन असे बसविले की, हात हलला म्हणजे ते झोके घेई आणि दोन्ही टोकांच्या लहान स्प्रिंगांवर आपटून मागे फिरे. या झोक्यांनी मुख्य स्प्रिंग आवळली जाई. बटण नसल्यामुळे काटे जुळविण्यासाठी काचेभोवतालचे कडे फिरवावे लागे. १९२४ मध्ये त्याला या युक्तीचे स्वित्झर्लंडचे पेटंट मिळाले. १९२६ मध्ये फोर्टिस या स्विस कारखान्याने ते घड्याळ लोकांपुढे मांडले. परंतु थोड्याच वर्षांत जगभर मंदी पसरली आणि १९३१ मध्ये हार्वुडची कंपनी बंद पडली. त्याच वर्षी रोलेक्स कंपनीने अडथळ्यावाचून पूर्ण फेरा घेणारे वजन बसविलेले घड्याळ आणले. पुढे तीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. हार्वुडच्या कामाची कदर व्हावयास बराच काळ जावा लागला. ब्रिटनमधील घड्याळशास्त्राच्या संस्थेने त्याला सुवर्णपदक दिले, ते १९५७ साली.

आजच्या स्वयंचलित घड्याळाचे झाकण काढले तर अर्ध्या भाकरीसारखा एक जड तुकडा गरगर फिरताना दिसतो. घड्याळ कानाशी धरून हलविले तर त्याची हलकी खरखर ऐकूही येते. स्प्रिंग पुरेपूर आवळली म्हणजे तिचे बाहेरचे टोक डबीच्या आतील भिंतीवरून घसरते. म्हणून कितीही हात हलविला तरी ती तुटत नाही. तिची शक्ती चाकांतून तोलचक्रापर्यंत पोहोचते. हे चिमुकले चक्र केसाएवढ्या बारीक स्प्रिंगच्या आधाराने पुढेमागे डोलते. पुष्कळ घड्याळांत त्याचे तासाला २८,८०० झोके होतात, म्हणजे सेकंदाला आठ! दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यांत दहा सेकंदांची चूक झाली, तर कोणी यंत्राला नावे ठेवू नयेत.

अशा घड्याळाचे खरे वैरी दिसत नाहीत. लोहचुंबक हा त्यांतला एक. ध्वनिवर्धक, पिशवीची चुंबकी कडी, मोबाइलच्या आवरणातील चुंबक यांच्याजवळ घड्याळ ठेवले तर केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटू शकतात आणि ते एकाएकी पुढे धावू लागते. घड्याळजी साध्या उपकरणाने क्षणार्धात हा दोष घालवितो. वाफ हा दुसरा वैरी. पाणी रोखण्यासाठी बसविलेली रबरी कडी काळाने कडक होतात. मग गरम पाण्याच्या स्नानात घड्याळ हातावर ठेवणे धोक्याचे. आजच्या बहुतेक घड्याळांत बटण आहेच. ते नीट आत दाबलेले किंवा आटे पिळून बसविलेले असावे. तारीख दाखविणाऱ्या घड्याळाची तारीख रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान बटणाने बदलू नये, कारण त्या वेळी आतले दाते तारखेच्या चकतीला भिडलेले असू शकतात.

तेलाची गोष्ट सर्वांत फसवी. चाकांचे आस कृत्रिम माणकांच्या छिद्रांत फिरतात आणि त्यांना सुईच्या टोकाएवढे तेल लागते. ते वाळले तरी घड्याळ चालतच राहते. कोरडे आस मात्र झिजत जातात. म्हणून पाचसहा वर्षांनी ते जाणत्या घड्याळजीकडून उघडून, साफ करून घ्यावे. घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नये.

एक प्रसंग मात्र असा असतो की, घड्याळ थांबते आणि दोष कोठेच नसतो. घरातील आजोबा अंथरुणाला खिळतात. त्यांच्या मनगटावरचे जुने घड्याळ रोज थांबू लागते. ते बिघडले असे समजून मंडळी दुकानात नेतात. घड्याळजी ते उघडतो, भिंगातून पाहतो आणि विचारतो, “हे कोणाच्या हातावर असतं?” उत्तर ऐकून तो झाकण पुन्हा लावून देतो. त्या घड्याळाला बटणाने किल्ली देण्याची सोय असेल तर सकाळी पंचवीसतीस फेरे देणे पुरते. नसेल तर ते हातात घेऊन काही वेळ हळुवार हलवावे लागते. हे काम बहुधा नातवंडांकडे येते. सेकंदकाटा पुन्हा चालू लागला की, घड्याळ आजोबांच्या मनगटावर परत जाते.