संचित : एका विशेषणाचा अर्थ

श्रीगुरुचरित्राच्या सप्ताहात 'संचित' हा शब्द आपल्या तोंडी फार येतो. पोथी मिटली की कुणाच्या आजारपणाचा विषय निघतो आणि आपण म्हणतो, "संचितच तसं हो त्याचं!" मीही म्हणत असे. गेल्या मार्गशीर्षात शेजारच्या वहिनींना म्हणालो. त्यांचा कर्ता मुलगा गेला होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, चाळीस वर्षं पारायणं केली, ती कुठं जमा झाली मग?"

मला उत्तर सुचेना. घरी येऊन कोश उघडला.

'चि' या संस्कृत धातूचा अर्थ गोळा करणे, रचत जाणे. त्याला 'सम्' लागून 'संचित' झाले. म्हणजे थोडे थोडे करून साठलेले. मुळात हे विशेषण, आणि विशेषणाला विशेष्य हवे : संचित धान्य, संचित पुण्य, संचित पाप. आपण बोलताना विशेष्य गाळले आणि त्या रिकाम्या जागी पापच धरून बसलो! सरकारी मराठीने मात्र शब्दाचा मान राखला आहे. आपल्या नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातल्या कैद्याला फर्लो मिळते, तिचे मराठी नाव 'संचित रजा'. शिक्षा भोगणाऱ्याच्याही खात्यावर काही चांगले साठते, असेच ना ते?

शास्त्रात कर्म तीन प्रकारचे : संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. मला हे गंगापूर धरणावरून उमगले. पावसाळाभर सरीसरीने साठले ते पाणी संचित. त्यातून दार उघडून सोडलेले आवर्तन हे प्रारब्ध. सुटले ते परत घेता येत नाही. आणि आज पडतो आहे तो पाऊस क्रियमाण. आता रामकुंडावर उभे राहून, वाहत्या पाण्याकडे बघून, वर धरणात किती आणि कसे पाणी आहे हे कोण सांगणार? वहिनींच्या वाट्याला आले ते प्रारब्ध. त्यावरून त्यांच्या साठ्याचा हिशेब करणारा मी कोण! त्यांची चाळीस वर्षांची पारायणं त्या साठ्यातच आहेत, मला दिसत नाहीत इतकेच.

दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो. "वहिनी, त्या दिवशी माझा शब्द चुकला," म्हणालो, आणि हे सगळं जमेल तसं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पदराने डोळे पुसून उठल्या.

"बसा भाऊजी. चहा टाकते."