पुळणीवरील चाकोरी : परिसर-अभ्यासाचा एक पाठ

कर्दे, मुरुड, आंजर्ले, केळशी या दापोली तालुक्यातील किनाऱ्याच्या गावांत पुळणीवर रुतलेली मोटार हे मुलांना आता नवल राहिलेले नाही. सुट्टीच्या दिवसांत पाहुणे मोटार थेट वाळूत घालतात. चाके जागच्या जागी फिरू लागतात, वाळू खचते, पाणी चढू लागते, आणि मग गावातील माणसे दोर, फळ्या व ट्रॅक्टर घेऊन धावतात. मुले हसतात. शिक्षकाने या हसण्यापासूनच पाठास आरंभ करावा. पाचवी ते सातवीच्या वर्गांस हा पाठ घेता येण्याजोगा असून त्यात भूगोल, गणित व नागरिकशास्त्र ही तिन्ही एकत्र येतात.

पहिला प्रश्न असा विचारावा : मोटार रुतली, यात चूक कोणाची? ‘वाळूची’ असे उत्तर येईल. ते लगेच खोडू नये. आधी भरतीचा हिशेब करावा. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची वेळ अदमासे निघते, हा कोकणातील जुना आडाखा पुष्कळ मुलांनी घरी ऐकलेला असतो. पंचमीस पावणेचार, अष्टमीस सहा. त्यापुढे सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी आणि बारा-साडेबारा तासांनी पुन्हा भरती. पौर्णिमेस व अमावास्येस हाच हिशेब सव्वाअकरा देतो. म्हणजे पहाटे पाणी दूर गेलेले, आणि दुपारच्या सुमारास उधाणाचे पाणी पार वर आलेले. सकाळी सात-आठ वाजता मोटार उभी करून न्याहारीस गेलेल्या पाहुण्यास रुंद, कठीण व चकचकीत पुळण दिसते. तो परतेपर्यंत तीच पुळण पाण्याखाली जाते. अष्टमीच्या भांगात पाणी इतके चढत नाही, म्हणून फसगतही कमी होते. जागेप्रमाणे वेळ थोडी पुढेमागे होते, हे सांगावयास विसरू नये. मुलांनी पंचांग समोर ठेवून येत्या पंधरवड्याचा तक्ता करावा आणि दोन दिवस तरी प्रत्यक्ष किनाऱ्यावर तो ताडून पाहावा. याच तासाला, ओल्या वाळूवर चाक घसरते, जाड चाकांची उघडी गाडी वळणावर उलटू शकते, आणि खेळणारे मूल चालकास ऐनवेळीच दिसते, हेही सांगून ठेवावे.

हर्णैच्या बंदरात होड्यांतील मासळी बैलगाड्यांनी किनाऱ्यावर आणली जाते. त्या गाड्याही वाळूतूनच चालतात, मग मोटारीसच का अडवावयाचे, असे एखादा विद्यार्थी विचारील. प्रश्न उत्तम आहे. त्याचे उत्तर भरतीरेषेत आहे. बैलगाडी ओल्या वाळूत, दिवसाउजेडी व कामापुरती जाते आणि तिची चाकोरी पुढची भरती पुसून टाकते. भरतीरेषेच्या वरच्या बाजूस, जेथे कोरडी वाळू व मर्यादवेल असते, तेथील चाकोरी पुसावयास समुद्र येत नाही. मर्यादवेल आपल्या मुळांनी वाळू धरून ठेवते. ती चिरडली की वारा व उधाण वाळू नेऊ लागतात, आणि मागच्या माडांना व घरांना असलेला आडोसा कमी होतो.

याच कोरड्या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण हिवाळ्यात रात्री येऊन सुमारे दीड फूट खोल खड्डा करते आणि शंभरच्या आसपास अंडी घालते. पिल्ले बाहेर पडावयास साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. मोटारीच्या भाराने वाळू घट्ट झाली तर पिल्लांस वर येणे कठीण जाते. वर आलेच तर समुद्राकडील उजळ क्षितिजाऐवजी दिव्यांच्या झोताकडे वळतात. आणि दोन-तीन बोटे लांबीच्या पिल्लास खोल चाकोरी ही दरीच होय. ते तिच्यातून आडवे न चढता लांबवर चालत राहते व पक्ष्यांच्या, कुत्र्यांच्या तोंडी सापडते. शेजारच्या मंडणगड तालुक्यातील वेळास येथे २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने संरक्षणाचे काम आरंभिले; पुढे ते वन विभागाच्या साह्याने आंजर्ले, केळशी इत्यादी गावी पसरले. गावातीलच कासवमित्र पहाटे पुळण तुडवून घरटी शोधतात व अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित ठेवतात. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या ‘प्रथमा’ व आंजर्ल्याच्या ‘सावनी’ या दोन कासविणींच्या पाठीवर उपग्रहाद्वारे माग काढणारे यंत्र बसविण्यात आले, ही हकीकत मुलांना विशेष आवडेल.

आता पैशाचा प्रश्न. तो मुलांना अवघड जाईल असे समजून गाळू नये. १९२७ साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानातील रस्त्यांसाठी समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीवरून १९२९ साली पेट्रोलवरील जादा करातून केंद्रीय रस्ता निधी उभा राहिला. जो रस्ता झिजवितो त्याने इंधनातून रस्त्याचा खर्च द्यावा, हे त्यामागील तत्त्व. परंतु मोटार रस्ता सोडून वाळूत उतरली तर तिने दिलेला कर तिच्या मागोमाग वाळूत येत नाही. दोर, ट्रॅक्टर, कुंपण आणि पहारा यांचा भार पडतो तो गावावर व वन खात्यावर.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७१ साली या अडचणीवर कायदा केला. रस्त्याबाहेर धावणाऱ्या वाहनांची नोंदणी-फी व त्यांनी जाळलेल्या पेट्रोलवरील कराचा भाग यांतून निधी होतो. त्यातून वाटा आखणे, सुरक्षिततेचे शिक्षण, पहारा आणि बिघडलेल्या जमिनीची दुरुस्ती यांवर खर्च होतो. तेथील ओशिआनो या वाळूच्या टेकड्यांवर लहान चिखल्या पक्ष्यांच्या घरट्यांची जागा कुंपणाने वेगळी केली जाते. तरीही वाद मिटला नाही. २०२१ साली तेथील किनारा आयोगाने वाहने बंद करण्याचा ठराव केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. निधी असला म्हणजे कोणतीही जागा वाहनांस देता येते, असा अर्थ शिक्षकाने काढू देऊ नये. आपल्या अरुंद पुळणींस तो नमुना जसाच्या तसा लागू पडणारा नाही. घेण्याजोगी आहे ती जमाखर्चाची रीत.

आपल्याकडे २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा व वाळूच्या टेकड्या सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात आहेत, आणि ऑलिव्ह रिडले कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कायदा आहे खरा. पण पहाटे चार वाजता पुळणीवर उभा राहणारा माणूस कायद्याच्या पानातून येत नाही, त्यास मजुरी द्यावी लागते. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात बैलगाड्या व टांगे यांच्या तळावरील फीची तरतूद आहे, याची आठवण येथे द्यावी. गाडीतळाची कल्पना गावास नवी नाही. रस्त्यालगत, भरतीरेषेपासून दूर तळ ठेवून मोटारींकडून फी घेतली आणि ती त्याच पुळणीसाठी वेगळी राखली तर काय काय भागेल, याचे गणित मुलांनी मांडावे.

त्यासाठी वर्गाने एका रविवारी, पालकांसह व ओहोटीच्या वेळी, किनाऱ्यावर जावे. भरतीरेषेच्या वर किती चाकोऱ्या गेल्या आहेत ते मोजावे, प्रत्येकीची खोली पट्टीने घ्यावी, आणि रस्त्यावरून वाळूत उतरण्याच्या वाटा किती ते लिहावे. कुंपणातील घरट्यांस कोणी हात लावू नये. मग एका वाटेवर आडवा बांबू व फलक लावण्यास, आणि विणीच्या चार महिन्यांत एक रखवालदार ठेवण्यास किती खर्च येईल, हे गावातील सुतार व मजूर यांस विचारून दर घ्यावेत. खर्चास फीच्या दराने भागले की दर वर्षी किती मोटारी तळावर थांबावयास हव्यात, तो आकडा निघेल. तो आकडा, मोजणीचा तक्ता व पुळणीचा नकाशा जोडून सातवीच्या मुलांनी ग्रामसभेस अर्ज लिहावा. नकाशात भरतीरेषा निळ्या व चाकोऱ्या तांबड्या पेन्सिलीने काढाव्यात, आणि अर्जाची एक प्रत शाळेच्या दप्तरी ठेवून पुढील वर्षीच्या वर्गाने त्याच जागी पुन्हा मोजणी करावी.