श्वानदंश आणि अलर्क रोग : गावाने घ्यावयाची दक्षता

कुत्रा आणि माणूस यांचे साहचर्य फार प्राचीन आहे. शेताची राखण, मेंढरांच्या कळपाची सोबत, रात्रीची जाग ही कामे तो पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. खंडोबा व दत्तात्रेय यांच्या तसबिरींत कुत्र्याला स्थान आहे. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा तर महाराष्ट्रातील मुलांनाही ठाऊक असते. परंतु याच इमानी प्राण्याच्या लाळेतून माणसाला होणारा एक रोग असा आहे की, त्याची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे रोगी दगावतो, असेच जवळजवळ म्हणावे लागते. हा रोग म्हणजे अलर्क, म्हणजेच रेबीज. लोकभाषेत कुत्रे पिसाळले असे आपण म्हणतो, ते याच रोगामुळे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात या रोगाने दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे मृत्यू पावतात आणि त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू भारतात होतात. माणसाला होणाऱ्या या रोगाचे मूळ शंभरांतील नव्याण्णव वेळा कुत्र्याच्या चाव्यात असते. विशेष खेदाची गोष्ट ही की, हा रोग जितका प्राणघातक, तितकाच तो पूर्णपणे टाळता येण्याजोगा आहे. वेळेवर उपचार झाले तर मृत्यू टळतो. म्हणून या रोगाने होणारा प्रत्येक मृत्यू हा माहितीच्या, सोयीच्या किंवा तत्परतेच्या अभावाचा बळी समजला पाहिजे.

रोगाचे स्वरूप

अलर्काचे वर्णन आपल्याकडे सुश्रुतसंहितेत आढळते. पाण्याची भीती वाटू लागलेला रोगी वाचत नाही, हे त्या काळच्या वैद्यांनी ओळखले होते. रोगाचे कारण विषाणू आहे. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून तो जखमेत शिरतो आणि तेथून मज्जातंतूंच्या मार्गाने हळूहळू मेंदूकडे सरकतो. हा प्रवास बहुधा एक ते तीन महिने चालतो. क्वचित आठवड्याभरात पुरा होतो, तर क्वचित वर्षाहून अधिक काळ लागतो. चावा डोके, चेहरा, मान किंवा हात यांवर असेल तर धोका अधिक. या अवधीत रोगी अगदी ठणठणीत दिसतो आणि जखमही भरून येते. 'काही झाले नाही' या समजुतीने उपचार टाळले जातात ते याच काळात, आणि प्राण वाचविण्याची संधीही नेमकी याच काळात असते.

विषाणू मेंदूपर्यंत पोहोचला की चाव्याच्या जागी मुंग्या येणे, ताप, बेचैनी ही लक्षणे दिसतात. पुढे पाण्याचा घोट घेताना, किंबहुना पाणी नुसते पाहताच घशाचे स्नायू आवळतात. वाऱ्याच्या झुळकीनेही झटके येतात. काही रोग्यांत ही लक्षणे न दिसता अंग लुळे पडत जाते. शेवट मात्र एकच असतो.

कुत्र्याच्या वागणुकीतील खुणा

पिसाळलेले कुत्रे म्हणजे लाळ गाळीत धावणारे, दिसेल त्याला चावणारे कुत्रे, हे चित्र खरे असले तरी अपुरे आहे. रोगाचा दुसरा प्रकार मुका असतो. अशा वेळी खेळकर कुत्रे एकाएकी अंधाऱ्या कोपऱ्यात बसते, मालकाची हाक ओळखत नाही, खालचा जबडा लोंबू लागतो, आवाज घोगरा होतो आणि त्याला गिळता येत नाही. घशात हाड अडकले असावे अशा समजुतीने घरचे लोक त्याच्या तोंडात हात घालतात व नकळत लाळेच्या संसर्गात येतात. हीच गोष्ट गाई-म्हशींच्या बाबतीतही घडते. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेले जनावर काही दिवसांनी सारखे हंबरू लागले, लाळ गाळू लागले किंवा वैरण टाकून देऊ लागले, तर त्याच्या तोंडात हात न घालता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

मात्र चावणारे प्रत्येक कुत्रे पिसाळलेले असते असे नाही. खाताना वा झोपेत डिवचले गेले, पिल्लांजवळ कोणी गेले किंवा कोंडीत सापडले तर निरोगी कुत्राही चावतो. मानेवरचे केस उभे राहणे, कान मागे पाडणे, दात विचकणे, एकटक रोखून पाहणे हे त्याचे इशारे होत. मुलांना ते शिकविणे आवश्यक आहे. कुत्रे अंगावर आले तर पळू नये, ओरडू नये. हात अंगाशी धरून स्तब्ध उभे राहावे आणि कुत्र्याच्या डोळ्यांत डोळे घालू नयेत.

चावा झाल्यास काय करावे

पहिला उपचार घरीच करावयाचा आहे व त्याला खर्च नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. साबणामुळे विषाणू नाश पावतो व पाण्याच्या धारेबरोबर तो वाहून जातो. त्यानंतर आयोडीनयुक्त जंतुनाशक लावावे. चुना, मिरचीची पूड, हळद, तंबाखू, तेल यांपैकी काहीही जखमेत भरू नये. त्यामुळे जखम चिघळते आणि विषाणू आत ढकलला जातो. जखम घट्ट बांधू नये.

त्यानंतर विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे. भगत, मांत्रिक किंवा देवऋषी यांच्याकडे जाण्यात गेलेला वेळ हा विषाणूला दिलेला वेळ असतो. ज्यांना मंत्रतंत्राने गुण आला असे सांगितले जाते, त्यांना चावलेले कुत्रे बहुधा पिसाळलेलेच नसते. ते पिसाळलेले असते तर मंत्राने कोणीही वाचले नसते.

अनेकांच्या मनात पोटातील चौदा सुयांची धास्ती अजून आहे. ती जुन्या लशीची आठवण होय. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टर या मुलाला लस टोचून या उपचाराचा पाया घातला. भारतात १९०० साली कसौली येथे पाश्चर संस्था निघाली. तेथेच पुढे डेव्हिड सेम्पल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार करण्याची पद्धत बसविली. हीच ती पोटात टोचावयाची लस. तिचे उत्पादन भारतात २००४ च्या अखेरीस थांबविण्यात आले. आजची लस दंडावर देतात. कातडीत टोचावयाच्या पद्धतीत पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी मात्रा असतात. म्हणजे पहिली मात्रा महिन्याच्या १ तारखेस घेतली तर पुढील मात्रा ४, ८ आणि २९ तारखेस येतात. स्नायूत टोचावयाच्या पद्धतीत चौदाव्या दिवसाची एक मात्रा अधिक असते. गरोदर स्त्रिया व तान्ही मुले यांनाही ही लस देता येते.

चावा खोल असेल, रक्त आले असेल किंवा लाळ डोळ्यात, तोंडात वा उघड्या जखमेत गेली असेल, तर नुसत्या लशीवर भागत नाही. लशीमुळे शरीरात प्रतिकारशक्ती तयार होण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर संरक्षण मिळावे म्हणून तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन जखमेत व तिच्या भोवती द्यावे लागते. हे औषध प्रत्येक केंद्रात असेलच असे नाही. म्हणून ते कोठे मिळते याची माहिती ग्रामपंचायतीने अगोदरच मिळवून ठेवावी.

चावलेले कुत्रे वा मांजर ओळखीचे असेल तर त्यास मारू नये; दहा दिवस बांधून त्यावर लक्ष ठेवावे. चावतेवेळी त्याच्या लाळेत विषाणू असता तर या मुदतीत ते आजारी पडून मेले असते. मात्र या निरीक्षणासाठी माणसाचा उपचार थांबवून ठेवू नये. कुत्रे निरोगी राहिले तर पुढील मात्रांबाबत डॉक्टर निर्णय घेतात.

शिक्षकांची जबाबदारी

चावा झालेल्यांपैकी सुमारे चाळीस टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुत्र्याची खोडी काढली म्हणून मार बसेल या भीतीने मुले ओरखडा लपवितात. म्हणून 'चावा झाला तर कोणीही रागावणार नाही, पण त्याच दिवशी सांगा' ही गोष्ट प्रत्येक वर्गात वर्षातून दोन-तीनदा तरी सांगितली पाहिजे. एका शिक्षकाच्या या एका वाक्याने एखाद्या मुलाचा जीव वाचू शकतो. २८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळेत जखम धुण्याचे प्रात्यक्षिक करून दाखवावे.

ग्रामपंचायतीचे कार्य

कुत्री मारून हा रोग हटत नाही. एका वस्तीतील कुत्री नाहीशी केली की त्या जागी बाहेरची, लस न टोचलेली कुत्री येतात. उलट वस्तीतील शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांना लस दिली तर रोगाची साखळी तुटते. शेजारच्या गोव्याने हे करून दाखविले आहे. तेथे लसीकरण, शाळांतून शिक्षण व रोगाची टेहळणी यांची सांगड घालण्यात आली आणि वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस टोचण्यापर्यंत मजल गेली. कुत्र्यांतील रोगाचे प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३० पर्यंत संपविण्याचा राष्ट्रीय कृती आराखडाही त्याच वर्षी जाहीर झाला. भटक्या कुत्र्यांच्या संततिवाढीचे नियमन करण्यासाठी केलेल्या २०२३ च्या नियमांनुसार त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे.

या दृष्टीने गावातील पाळीव व मोकाट कुत्र्यांची गणना करावी, पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या सहकार्याने वर्षातून एकदा लसीकरण शिबिर भरवावे आणि लस दिलेल्या कुत्र्यांची नोंद ठेवावी. पिल्लास तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस व पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने दरवर्षी मात्रा द्यावी. उकिरडे व मांसविक्रीच्या दुकानांबाहेरील टाकाऊ अवयव हे मोकाट कुत्र्यांच्या वाढीचे मोठे कारण आहे. त्यांची विल्हेवाट खोल खड्ड्यात लावावी.

या स्वच्छतेचा लाभ एका रोगापुरता नाही. कच्चे अवयव खाणाऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेतून फीतकृमीची अंडी माणसाच्या पोटात जाऊन यकृतात व फुप्फुसात गाठी होतात. कुत्र्याच्या आतड्यातील गोलकृमींचा उपद्रव मातीत खेळणाऱ्या मुलांना होतो. उंदीर व कुत्रे यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने त्याचा अनुभव घेतला. कुत्र्यास नियमित जंतनाशक देणे, त्याला हाताळल्यावर हात धुणे व पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात अनवाणी न चालणे, एवढ्या साध्या सवयींनी यातील बराच धोका टळतो.

कुत्रा पाळणे म्हणजे त्याला उरलेसुरले अन्न घालणे एवढेच नव्हे. लस, जंतनाशक, स्वच्छ पाणी व बांधण्याची जागा ही त्याच्या मालकाची कर्तव्ये आहेत. ग्रामसभेच्या येत्या बैठकीत तीन गोष्टींची नोंद व्हावी : गावात कुत्री किती, त्यांपैकी लस दिलेली किती, आणि श्वानदंशावरील लस व प्रतिपिंडे सर्वांत जवळ कोठे मिळतात. ही तीन उत्तरे पंचायतीच्या फलकावर लिहिली गेली तर रात्री-अपरात्री मूल घेऊन धावणाऱ्या पालकास कोठे जावे हे विचारीत बसावे लागणार नाही.