छातीची मालिश आणि मुलांचा दमा

दमा असलेल्या मुलाच्या छातीला तेल चोळले की त्याला बरे वाटते. मात्र बरे वाटले म्हणजे श्वासनलिका मोकळ्या झाल्या, असे होत नाही. हा फरक लक्षात आला नाही, तर मालिश सुरू राहते आणि श्वासातून औषध देणारा पंप बंद होतो.

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज येते, नळीभोवतीचे स्नायू आवळतात आणि चिकट कफ साठतो. हवा आत शिरते, पण बाहेर पडताना अडते. ती रेटून बाहेर काढण्यासाठी मान, खांदे आणि बरगड्यांमधले स्नायू जादा राबतात व दुखू लागतात. मालिश करणाऱ्याचा हात या स्नायूंपर्यंतच पोचतो. ते सैल पडतात, घाबरलेले मूल शांत होते, त्याला झोप लागते. नळीच्या आतली सूज होती तशीच राहते.

या बाबतीत सर्वांत बोलका पुरावा 1998 साली कॅनडातून आला. 7 ते 16 वर्षांच्या मुलांना नेहमीची औषधे चालू ठेवून चार महिने पाठीच्या मणक्यांची हस्तचिकित्सा देण्यात आली. निम्म्यांना खरी, निम्म्यांना नुसता हात फिरवल्यासारखी. निष्कर्षासाठी 80 मुलांच्या नोंदी वापरल्या गेल्या. दोन्ही गटांत त्रास कमी झाला, तातडीच्या औषधाची गरज घटली. जोरात फुंकताना हवा बाहेर पडण्याचा वेग (पीक फ्लो) मात्र दोन्हीकडे मिनिटाला 7 ते 12 लिटरच वाढला. 120 सेंटिमीटर उंचीच्या मुलाचा हा वेग साधारण 200 लिटरच्या आसपास असतो. तेव्हा ही वाढ नगण्यच. त्याच वर्षी अमेरिकेत 32 मुलांवर झालेल्या अभ्यासात आईवडिलांनी महिनाभर रोज रात्री वीस मिनिटे मालिश केली आणि लहान वयाच्या मुलांची फुंकर सुधारली. परंतु कोणाला मालिश मिळते हे तिथे लपवता येत नव्हते, आणि फुंकरीचा आकडा मूल किती जोर लावते यावरही ठरतो. निश्चिंत मूल जास्त जोराने फुंकू शकते.

गोंदिया जिल्ह्यात या फसगतीला ऋतूही हातभार लावतो. दिवाळीच्या आगेमागे हलका धान निघतो, चुरणी (मळणी) सुरू होते. कोंडा, तणसाची धूळ आणि राईस मिलचा भुसा हवेत असतो, त्यावर थंडी आणि शेकोटीचा धूर. याच दिवसांत मुलांची छाती भरते आणि मालिशवाल्याकडे धाव घेतली जाते. माघ संपता संपता धूळ व थंडी ओसरते, मूलही सुधारते. श्रेय तेलाला जाते. घरात विडी ओढणारा माणूस असेल तर तो या हिशेबात कुठेच येत नाही, हे विशेष.

प्रस्तुत लेखकाच्या नात्यातील एका मुलाच्या बाबतीत असेच घडले. मालिशीने तो रात्रभर झोपू लागला, म्हणून रोजचा पंप घरच्यांनी थांबवला. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती होतीच. रोजच्या पंपातले औषध सूज दाबून ठेवते आणि ते थांबवल्यावर सूज लगेच नव्हे, काही आठवड्यांत परतते. मधल्या काळात सगळे ठीक भासते. त्या मुलालाही पुढे सर्दीचे निमित्त झाले आणि ऑक्सिजन लावावा लागला.

म्हणून मालिश करायची तर औषधाच्या जोडीने, मूल बरे असताना, हलक्या हाताने करावी. बरगड्या दाबणे, मान मोडणे, पाठीवर थापटणे टाळावे. दोन वर्षांखालील बाळाला कापूर लावू नये. नाकात तेल सोडण्याची रीत तर पूर्ण बंद करावी; ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. उग्र वासाच्या तेलाने काही मुलांची नळी आणखी आवळते.

परिणाम पाहायचा तर पीक फ्लो मीटरने. साधारण पाच-सहा वर्षांपुढील मूल उभे राहून तीनदा जोरात फुंकते, त्यातला मोठा आकडा वहीत लिहायचा. सकाळ-संध्याकाळ, मालिश सुरू करण्याच्या आधीपासून. मुलाच्या स्वतःच्या उत्तम आकड्याच्या 80 टक्क्यांखाली नोंद गेली की डॉक्टरांना दाखवावे, 50 टक्क्यांखाली गेली तर लगेच दवाखाना गाठावा. पंप कमी करायचा की नाही, हेही ती वही पाहून डॉक्टरांनीच ठरवावे.

झटका आल्यावर मालिशीत वेळ घालवू नये. मुलाला बसते ठेवून, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रमाणात तातडीचा पंप स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या नळकांड्यातून) द्यावा. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, सलग वाक्य बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील किंवा पंपाने उतार पडत नसेल, तर 108 ला फोन करावा. सालेकसा, देवरीच्या आतल्या गावांतून गोंदियाला पोचायला वेळ लागतो. तेव्हा वाट न पाहता आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. जोरात वाजणारी छाती अचानक गप्प झाली आणि मूल मलूल पडले, तर तो आराम नव्हे. हवा जाणेच थांबत आलेले असते.